जस्त : पिकासाठी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी



जस्त म्हणजेच झिंक हे पिकांना लागणारे एक महत्त्वाचे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे, हे आपणांस ठाऊक आहे. मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरे पट्टे दिसू लागले, भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडून रोपे खुरटली, मोसंबी-संत्र्याची पाने लहान राहून शिरांमधला भाग पिवळा पडला की आपण झिंक सल्फेटची पिशवी आणतो. खत लागू पडले की पंधरा-वीस दिवसांत फरकही दिसतो. त्यामुळे जस्तावर शेतकऱ्याचा विश्वास बसलेला आहे.

एका शिवार फेरीत साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, झिंक टाकलं की पीक तरारतं. मग आम्हा म्हाताऱ्यांना झिंकची गोळी रोज घेतली तर का चालू नये? मेडिकलमध्ये मिळते, शेजारचेही घेतात." जमलेले लोक हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत जस्ताच्या गोळ्या गावोगाव पोहोचल्या आणि साथ ओसरल्यावरही अनेक घरांतून त्या बंद झाल्या नाहीत. म्हणून या लेखात जमीन, धान्य आणि घरातील वृद्ध माणूस या तिघांतील जस्ताचा संबंध पाहू. गोळी कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला अपाय करते, हेही समजून घेऊ.

जस्ताचे महत्त्व कसे कळले?

भारतात पिकातील जस्ताच्या कमतरतेचे ठळक उदाहरण म्हणजे भातावरील 'खैरा'. तराई भागात भाताची रोपे लालसर होऊन खुरटत. हा बुरशीचा किंवा विषाणूचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे पंतनगर कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. झिंक सल्फेट व चुना यांची फवारणी हाच त्यावरील उपाय ठरला.

माणसाच्या बाबतीतही याच सुमारास शोध लागला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद हे इराणमधील शिराझ येथे काम करीत होते. तेथे त्यांना वाढ खुंटलेले तरुण रुग्ण आढळले. वय वीस-एकवीस, पण शरीर दहा वर्षांच्या मुलाएवढे. हे लोक मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीवर राहत. याविषयीचा त्यांचा पहिला लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इजिप्तमधील अभ्यासात १९६३ मध्ये अशा रुग्णांत जस्ताची कमतरता असल्याचे सिद्ध झाले. धान्यात जस्त असूनही ते शरीराला पुरेसे मिळत नव्हते. याचे कारण पुढे येईलच.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २ ते ३ ग्रॅम जस्त असते. त्यातील बहुतांश स्नायूंत आणि हाडांत असते. तीनशेहून अधिक विकरांच्या कार्यात जस्ताचा भाग असतो. जखम भरणे, रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणे, तोंडाला चव असणे, भूक लागणे, त्वचा निरोगी राहणे या साऱ्यांसाठी जस्त लागते. मात्र चरबी साठते तसा जस्ताचा वेगळा साठा शरीरात होत नाही. ते आहारातून रोजच्या रोज मिळावे लागते.

म्हातारपणी जस्त कमी का पडते?

१) आहार घटतो. दात गेले की भाकरी, उसळ, शेंगदाणे सुटतात. चहा-बिस्कीट, दूध-भात, वरणाचे पाणी यांवर दिवस निघतो.

२) धान्यातील व कडधान्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. त्यामुळे आतड्यातून जस्त कमी शोषले जाते. इराणमधील रुग्णांच्या आहारात जस्त असूनही ते अंगी न लागण्याचे मुख्य कारण हेच होते. चुनखडीच्या जमिनीत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

३) मधुमेहात लघवीवाटे जस्त जास्त जाते. रक्तदाबासाठी देतात त्यांपैकी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळेही असेच होते.

४) जुनाट जुलाब, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे आजार आणि दारूचे व्यसन यांमुळे कमतरता वाढते.

चव न लागणे, भूक मंदावणे, जखम लवकर न भरणे, वारंवार सर्दी-खोकला वा जंतुसंसर्ग होणे, केस गळणे ही कमतरतेची लक्षणे असू शकतात. परंतु हीच लक्षणे मधुमेह, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार यांतही दिसतात. पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी आहे असे आपण समजत नाही. लोह, गंधक, पाण्याचा निचरा, मूळकूज हे सर्व तपासतो. तसेच येथेही करावे. रक्तातील जस्ताची तपासणी उपलब्ध आहे, मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हे प्रमाण तात्पुरते खाली जाते. म्हणून केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता आहार, आजार व चालू औषधे यांसह डॉक्टरांनीच तो काढावा.

रोज किती जस्त लागते?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दररोज १७ मिलिग्रॅम व स्त्रीसाठी सुमारे १३ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली. हा आकडा जवळजवळ सर्वांची गरज भागावी अशा बेताने ठरवलेला असतो. सरासरी गरज पुरुषासाठी १४ व स्त्रीसाठी ११ मिलिग्रॅम धरली आहे. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठीची वरची मर्यादा मानतात.

दर १०० ग्रॅम खाद्यपदार्थात जस्ताचे प्रमाण साधारणपणे पुढीलप्रमाणे असते (मिलिग्रॅममध्ये) :

तीळ – ७ ते ८
भोपळ्याच्या बिया – ७
हरभरा – ३.४
शेंगदाणे – ३.२
मटण – ३ ते ४
गहू – २.८
बाजरी – २.७
ज्वारी – २
पॉलिश केलेला तांदूळ – १.२
अंडी – १.२
दूध – ०.३

आता घरातल्या आजोबांचा हिशेब मांडू. दिवसभरात १०० ग्रॅम तांदळाचा भात, पाव लिटर दूध, थोडे पातळ वरण आणि चहाबरोबर दोन-चार बिस्किटे एवढाच आहार असेल, तर जस्त जेमतेम ३ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. याउलट २५० ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी, ८० ग्रॅम कडधान्य व डाळ, ३० ग्रॅम शेंगदाणे, १५ ग्रॅम तीळ, ३०० मिलिलिटर दूध आणि भाजीपाला असा आहार असेल, तर १३ ते १४ मिलिग्रॅम मिळते. घर एकच आणि धान्याची कणगीही एकच, पण ताट बदलले की जस्त चौपट होते. सत्तरीच्या माणसाला एवढे धान्य खाणे जमणार नाही हे खरे. म्हणून जे थोडे खाल्ले जाते ते कसदार व पचनास सोपे करून द्यावे.

स्वयंपाकघरातील उपाय

फायटेटचे प्रमाण कमी करण्याच्या रीती आपल्या घरांत पूर्वापार आहेत.

१) कडधान्ये भिजवून मोड आणावेत. मोड येताना फायटेट काही प्रमाणात मोडते आणि जस्त मोकळे होते. दात नसल्यास मटकी-मुगाची उसळ मऊ शिजवून घोटून द्यावी.

२) पीठ आंबवावे. ज्वारी-बाजरीची आंबील, इडली, आंबोळी, ढोकळा हे पदार्थ वृद्धांना चावण्यास सोपे असून त्यांतील जस्तही अधिक चांगले शोषले जाते.

३) तीळ व शेंगदाणे भाजून कूट करावा आणि तो भाजीत, आमटीत किंवा दह्यात मिसळावा. दोन चमचे तिळाचा कूट रोज पोटात गेला तरी एक मिलिग्रॅमच्या आसपास जस्त मिळते.

४) जे मांसाहार करतात त्यांनी मटण मऊ शिजवून द्यावे. त्यातील जस्त धान्यापेक्षा सहज शोषले जाते.

गोळीचा उपयोग कोठे दिसून आला?

अमेरिकेत डॉ. प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८७ वर्षे वयाच्या ५० व्यक्तींवर एक प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त व निम्म्यांना जस्त नसलेली, दिसायला तशीच गोळी देण्यात आली. जस्त घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना वर्षभरात जंतुसंसर्ग झाला; न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८८ टक्के होते. फरक मोठा आहे, पण प्रयोग छोटा आहे. तीन-चार गुंठ्यांच्या प्लॉटवरील उत्पादन पाहून आपण सगळ्या जिल्ह्याला शिफारस करीत नाही, हे येथेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतच वृद्धाश्रमातील, रक्तात जस्त कमी असलेल्या लोकांना तीन महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त दिल्यावर रक्तातील जस्त वाढले आणि रोगप्रतिकारक टी-पेशींची संख्याही वाढली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दुसरा उपयोग डोळ्यांच्या एका विकारात आहे. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजतो. हा विकार मध्यम अवस्थेला पोहोचलेल्या व्यक्तींना ८० मिलिग्रॅम जस्त, २ मिलिग्रॅम तांबे आणि काही जीवनसत्त्वे एकत्र दिल्यास विकार पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, असे अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात २००१ मध्ये दिसून आले. त्यानंतर २०१३ मधील प्रयोगात २५ मिलिग्रॅम जस्ताची मात्रा ८० मिलिग्रॅमपेक्षा स्पष्टपणे कमी पडली नाही. मात्र हा उपचार मोतीबिंदूवर नाही आणि गेलेली दृष्टी त्याने परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासून सांगितल्यावरच तो घ्यावा.

उलट कोरोनाच्या रुग्णांना दहा दिवस रोज ५० मिलिग्रॅम जस्त देऊन केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत लक्षणे लवकर कमी झाल्याचे आढळले नाही. ज्या कारणासाठी बहुतेक घरांत गोळी आली, तेथे तिचा लाभ दिसला नाही.

थोडक्यात, जेथे कमतरता आहे किंवा डॉक्टरांनी ठरवलेला विशिष्ट विकार आहे, तेथे जस्त उपयोगी पडते. माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असेल तर झिंक सल्फेटला पीक प्रतिसाद देते. पुरेसे असेल तर खर्च वाया जातो. माणसाच्या शरीरात मात्र जादा मात्रेने नुसता खर्च वाया जात नाही, अपायही होतो.

जादा जस्ताचा अपाय

स्फुरदयुक्त खतांचा भरमसाट वापर केला की पिकात जस्ताची कमतरता दिसू लागते. एक अन्नद्रव्य वाढले की दुसरे अडते. शरीरात जस्त आणि तांबे यांचे असेच आहे. जस्ताची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली की आतड्याच्या पेशींत धातू धरून ठेवणारे एक प्रथिन वाढते. ते जस्तापेक्षा तांब्याला घट्ट धरते. मग तांबे रक्तात न जाता आतड्याच्या पेशींबरोबर बाहेर पडते. तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि नसांवर परिणाम होऊन हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण समजले ते घरी. आमच्या वडिलांनी २०२१ मध्ये ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. साथ ओसरली, गोळी मात्र राहिली. कोणी बंद करा म्हटले नाही म्हणून जवळजवळ दोन वर्षे. पुढे त्यांना थकवा येऊ लागला, बांधावरून चालताना पाय अडखळू लागले. रक्त कमी निघाले म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, पण रक्त वाढेना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "रोज आणखी काय काय घेता, सगळं समोर ठेवा." तेव्हा ती पाकिटे पिशवीतून बाहेर आली. तपासणीत तांबे फार कमी निघाले. जस्त बंद करून तांबे दिल्यावर काही महिन्यांत रक्त सुधारले. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. जस्ताची शिफारशीत मात्रा मी वर्गात शिकवत होतो आणि घरातील देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले ते पाकीट रोज पाहत होतो. एकदाही विचारले नाही. तुमच्याकडून तसे होऊ नये म्हणून हे लिहिले.

इतर अपायही लक्षात घ्यावेत. रिकाम्या पोटी गोळी घेतल्यास मळमळ व उलटी होते. डोळ्यांच्या वरील प्रयोगात ८० मिलिग्रॅम जस्त घेणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक आढळले. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या प्रतिजैविकांबरोबर जस्त घेतल्यास ती औषधे नीट शोषली जात नाहीत. त्यांच्या वेळांत अंतर किती ठेवावे ते डॉक्टरांना विचारावे.

पाकीट कसे वाचावे?

खताच्या पिशवीवर झिंक सल्फेट २१ टक्के किंवा ३३ टक्के असे लिहिलेले आपण पाहतो. म्हणजे २५ किलोच्या पिशवीत २५ किलो जस्त नसते. गोळीचेही तसेच आहे. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या गोळीत शुद्ध जस्त सुमारे ५० मिलिग्रॅम असते. पाकिटावर क्षाराचे वजन दिले आहे की शुद्ध जस्ताचे, ते पाहावे. जीवनसत्त्वांच्या गोळीत व शक्तिवर्धक पावडरीतही जस्त असते. सगळ्यांची बेरीज करावी.

येथे एक महत्त्वाची सूचना. खत म्हणून मिळणारे झिंक सल्फेट माणसाने कोणत्याही कारणाने पोटात घेऊ नये. त्यात शिसे, कॅडमियम यांसारख्या घातक धातूंचा अंश असू शकतो. उंदीर मारण्यासाठी वापरतात ते झिंक फॉस्फाईड हे तर जहाल विष आहे. नावात झिंक आहे म्हणून घोटाळा होऊ नये. दोन्ही वस्तू घरातील औषधांपासून दूर, कुलपात ठेवाव्यात.

शेतातून ताटापर्यंत

आपले खरे काम येथे आहे. देशभरातील माती नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्के नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे. अशा जमिनीतील धान्यातही जस्त कमी उतरते.

१) माती परीक्षण करून जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्यावे. ते दहापट शेणखतात मिसळून, आठवडाभर मुरवून दिल्यास अधिक लागू पडते. स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.

२) जमिनीतून दिल्याने मुख्यतः उत्पादन वाढते. दाण्यातील जस्त वाढवण्यासाठी फवारणी अधिक उपयोगी ठरते, असे तुर्कस्तानातील गव्हावरील संशोधनात दिसून आले आहे. फुलोऱ्याच्या वेळी व दाणे दुधाळ असताना ०.५ टक्के झिंक सल्फेटची फवारणी करावी. १० लिटर पाण्यास ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुन्याची निवळी घ्यावी.

३) घरच्या खाण्यापुरते तरी जस्त व लोहयुक्त वाण लावावेत. बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण इक्रिसॅट व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्यातून २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बाजरीचे संकरित वाण 'एएचबी १२०० एफई' व 'एएचबी १२६९ एफई', ज्वारीचा 'परभणी शक्ती' आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा बन्सी गहू 'एमएसीएस ४०२८' हेही उपलब्ध झाले आहेत. कर्नाटकातील ग्रामीण भागात लहान मुलांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बाजरीतून मुलांना नेहमीच्या बाजरीपेक्षा अधिक जस्त मिळाल्याचे दिसले. भाकरीतून मिळणारे हे जस्त थोडे-थोडे मिळते आणि त्याने मर्यादा ओलांडण्याचा धोका राहत नाही.

लक्षात ठेवा

• साठीनंतर आहाराकडे प्रथम लक्ष द्यावे. मोड, आंबवण आणि तिळाचा कूट रोजच्या जेवणात ठेवावा.
• भूक, चव, वजन कमी होत असल्यास किंवा जखम भरत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे. स्वतःहून गोळी सुरू करू नये.
• गोळी सांगितली असल्यास किती दिवस घ्यायची ते विचारून पाकिटावर लिहून ठेवावे. मुदत संपली की बंद करावी.
• दीर्घकाळ मोठी मात्रा घ्यावी लागत असेल तर तांबे व रक्त तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.
• दवाखान्यात जाताना चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत.

त्या शिवार फेरीतील शेतकऱ्याला मी एवढेच विचारले होते, "माती न तपासता तुम्ही दरवर्षी झिंक टाकाल का?" ते म्हणाले, "छे, पैसे काय वर आलेत?" मग शरीराच्या बाबतीतही तोच हिशेब ठेवावा. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आई-वडिलांच्या उशाशी असलेली गोळ्यांची पिशवी एकदा उघडून पाहा आणि प्रत्येक गोळी कोणी, कशासाठी व किती दिवसांसाठी दिली आहे, ते त्यांना विचारा.